सपाटमार्गमीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत ग्रंथाचा विषय : रत्नागिरी शहराच्या आसपास सायकलीला योग्य असा सपाट आणि शांत रस्ता. प्रयोजन : गुडघे. संबंध : विषयाचा आणि गुडघ्यांचा, तोही वयपरत्वे दृढ होत जाणारा. राहिला अधिकारी. ज्याची सायकल केवळ त्याच्या पायांच्या बळावर चालते तो या शास्त्राचा अधिकारी. बॅटरीच्या सायकलीवरचा स्वार चढ पाहतो, पण जाणत नाही. त्याने खुशाल पान उलटावे. एकवीस गियरवाल्यांना सशर्त प्रवेश आहे, कारण गियर चढ माफ करत नाही, फक्त हप्ते बांधून देतो.

आता लक्षण. सपाट रस्ता कशाला म्हणावे? पहिले लक्षण असे सुचते की, सोडून दिलेली सायकल ज्यावर कोणत्याच बाजूला घरंगळत नाही तो रस्ता सपाट. या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष आहे. भर घाटीतही सायकल खड्ड्यात रुतली की जागची हलत नाही, आणि पावसाळ्यानंतर असे खड्डे मिळवायला लांब जावे लागत नाही. दुसरे लक्षण : ज्यावर सायकल चालवताना बोलणाऱ्याला धाप लागत नाही तो सपाट. इथे अव्याप्ती होते. रत्नागिरीकर सपाटीवरही फारसे बोलत नाही आणि चढावर मात्र समोरच्याच्या सायकलीची किंमत, ती कुठे घेतली आणि त्या पैशात दुसरे काय आले असते हे सगळे एका दमात सांगतो. म्हणून तिसरे, निर्दोष लक्षण आम्ही पुढे ठेवतो : ज्यावर उतरून सायकल ढकलावी लागत नाही तो सपाट. न्यायाच्या परिभाषेत, ढकलाभाव हेच सपाटत्व.

यावर पूर्वपक्ष असा की, लक्षण ठीक आहे पण लक्ष्यच नाही. सशाचे शिंग, आकाशातले फूल आणि रत्नागिरीतला सपाट रस्ता ही नुसती नावे आहेत, पदार्थ नव्हेत. पूर्वपक्षी इतिहासाचा दाखला देतो. १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाचे राज्य घेतल्यावर त्याला ठेवायला इंग्रजांनी रत्नागिरी निवडली, आणि १९१६ साली तो इथेच वारला. १९२४ साली सावरकरांना तुरुंगाबाहेर सोडताना सरकारने अट घातली ती रत्नागिरी जिल्हा न सोडण्याची, आणि ती १९३७ पर्यंत चालली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सह्याद्री आणि मध्ये घाट्याच घाट्या! ज्या मुलखाला तटबंदी घालायचा खर्च सरकारला पडला नाही तिथे हे गृहस्थ सपाट रस्ता शोधताहेत. एवढीच हौस असेल तर घाटावर जा म्हणावे, सांगली-मिरजेकडे.

या शेवटच्या सूचनेचा समाचार आधी घेऊ. सायकलने सांगली-मिरजेला जायचे तर हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा असे करत आंबा घाटाला भिडावे लागते. म्हणजे चढ टाळण्यासाठी अख्खा सह्याद्री चढायचा. याला न्यायशास्त्रात प्रतिज्ञाविरोध म्हणतात आणि तिथे वादी हरतो.

मुख्य आक्षेपाचे उत्तर भूगर्भात आहे. रत्नागिरीत सपाटी नाही हे म्हणणेच खोटे. ती मुबलक आहे, फक्त दोन वेगवेगळ्या उंचींवर आहे. वर सडा, खाली खलाटी. सडा म्हणजे जांभ्याचे पठार, शहराजवळ समुद्रापासून साधारण शंभरेक मीटर उंच. काळ्या बेसाल्टवर युगानुयुगे ऊन-पाऊस पडून त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले आणि त्यांचा हा तांबडा, सच्छिद्र, कठीण थर झाला. याचेच चिरे कापून इथली घरे, गडगे आणि विहिरी बांधल्या. मग नद्यांनी, वहाळांनी हे पठार जागोजाग चिरत समुद्र गाठला आणि त्यांच्या तळाशी भातखाचरांची, माड-पोफळींची खालची सपाटी तयार झाली. निसर्गाने इथवर काही चूक केलेली नाही. घोटाळा माणसाने केला. त्याने वाडी वसवली ती बहुधा ना वर ना खाली, तर मधल्या उतारावर. कारण सड्यावर पाणी नाही आणि खलाटीत घर बांधले तर भात कुठे लावायचे? त्यामुळे घरून निघणाऱ्या प्रत्येक सायकलीला दिवसाची सुरुवात तरी चढाने करावी लागते, नाहीतर शेवट तरी. मारुती मंदिराकडचा माणूस उतरत बाजारात जातो आणि ढकलत परत येतो; मांडवीचा माणूस ढकलत वर जातो आणि परतताना ब्रेकचे रबर झिजवतो. दोघेही समोरच्याला नशीबवान समजतात.

या मधल्या उताराला घाटी म्हणतात. तिचे गणितही पाहू, कारण आकड्यांवाचून शास्त्राला शोभा नाही. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर शंभर मीटर उंच चढायला सुमारे ८३ किलोज्यूल काम पडते. शरीराची कार्यक्षमता पाव धरली तर खर्च होतो साधारण ८० किलोकॅलरी, म्हणजे एका मध्यम केळ्याहून कमी. हिशेबाप्रमाणे घाटी एका केळ्यात चढून व्हावी आणि वर सालीसकट थोडे उरावे. हिशेब बिनचूक आहे. पण चढणाऱ्याला खर्च नडत नाही, खर्चाचा वेग नडतो. तेच केळे तासाभरात जाळायचे की सात मिनिटांत, हा प्रश्न केळ्याला पडत नाही.

आता प्रमाणविचार. सपाट रस्ता कोणत्या साधनाने कळतो?

प्रत्यक्ष हे प्रमाणांत श्रेष्ठ असले तरी इथे कुचकामी, कारण चढ प्रत्यक्ष होतो तेव्हा आपण त्याच्यावर असतो. उपमान म्हणजे नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, त्यामुळे अठरा मीटरचा एखादा चढ दोन रेषांच्या मधून अलगद निसटू शकतो. कोकणातल्या वाटा अशाच अठरा-अठरा मीटरांच्या बनलेल्या आहेत. मोबाइलवरचा नकाशा आणखी पुढे जातो. तो उंचीचा आलेख दाखवतो आणि आलेखात सारे डोंगर बोटाच्या पेराएवढे दिसतात.

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. इथे आप्त कोण, हा मोठा वाद आहे. मोटरसायकलवाला आप्त नव्हे; त्याच्या मते लांजापर्यंत सगळे सपाटच आहे. पायी चालणारा अधिक भरवशाचा वाटतो, पण तोही तपासून घ्यावा. पावसच्या बाजूला एका घाटीत सायकल ढकलत असताना कलमांच्या बागेच्या बेड्यापाशी कोयती घेऊन उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “काय ओ, पंक्चर झाली काय?”

“नाही काका, चढ आहे म्हणून ढकलतोय.”

“चढ?” त्यांनी रस्त्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. “ह्यो काय चढ नाय. चढ फुडं हाय.”

हे वचन पुढे अक्षरशः खरे ठरले, तेव्हा वक्ता आप्त होता यात शंका नाही. फक्त त्याची चढाची व्याख्या आमच्याहून कडक होती.

उरले अनुमान, आणि या शास्त्राचा खरा आधार तेच. धूर दिसला की विस्तव असणार, तसे माड दिसले की सपाटी असणार. माडा-पोफळीला पाणी लागते, पाणी तळाशी असते, तळ सपाट असतो. काजू दिसला की समजावे, आपण उतारावर आहोत. नुसते गवत आणि उघडा कातळ दिसला की सडा आला, म्हणजे पुन्हा सपाटी. आंबा मात्र फसवा हेतू आहे. मुळात तो उताराचा, पण हापूसच्या लोभाने लोकांनी सड्यावरचा कातळ सुरुंगाने फोडून, खड्ड्यात बाहेरून माती आणून भरून तिथेही कलमे लावली. तेव्हा कलमे पाहून चढाउताराचा निर्णय करू नये. दुसरे उत्तम लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, ते रस्त्यात बसलेली गुरे. पावसाळ्यात ओल्या गवताला कंटाळून ती डांबरावर येऊन बसतात, पण घाटीत सहसा बसत नाहीत. जिथे सात-आठ जनावरे रवंथ करत रस्ता अडवून बसली आहेत तिथे ढकलाभाव निश्चित समजावा, फक्त तो उपभोगता येत नाही. तिसरे लिंग पूर, पण त्याची जागा पुढे आहे.

एवढी तयारी झाल्यावर स्थळपरीक्षेला हरकत नाही.

सड्यावरची सपाटी सर्वांत सोपी. शहराला लागूनच चंपक मैदान आहे, पलीकडे मिरजोळ्याचा विमानतळ आहे. विमानालाही धाव घ्यायला सपाटी लागते, आणि सरकारने ती कुठे शोधली हे पाहिले की सायकलस्वाराचे काम निम्मे होते. पावसाच्या सुरुवातीला इथल्या कातळावर पांढरी दिपकाडी फुलते, ती पाहायला वनस्पतिशास्त्राचे लोक दुरून येतात. पुढे तेरडा, सीतेची आसवे. या दिवसांत सड्यावर सायकल चालवण्यासारखे सुख नाही. एरवी मात्र सावलीच्या नावाने शून्य, आणि मार्चनंतर कातळ असा तापतो की खालून आणि वरून एकदमच भाजून निघावे.

या सपाटीचे पूर्वाचार्य फार जुने आहेत. उक्षीला, जांभरुणला, देवूडला, राजापूर तालुक्यात बारसू, देवीहसोळ, कशेळीला इतिहासपूर्व काळच्या लोकांनी सड्याचा कातळ कोरून चित्रे काढली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी आहेत. यांतली बहुतेक कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. विद्वान त्यांचा अर्थ लावताहेत. आमचे मत एवढेच की, एवढा मोठा हत्ती घाटीत काढता आला नसता; सपाटीची किंमत त्या माणसाला कळली होती. ही शिल्पे पाहायला सायकलने अवश्य जावे आणि सायकल लांब लावून चालत पुढे व्हावे. हत्तीच्या सोंडेवरून चाक नेणारा मनुष्य या शास्त्राचा अधिकारी नाही, आणि कोणत्याच शास्त्राचा नसावा.

सड्यावर चढ नसला तरी वारा असतो, आणि समोरून येणारा वारा हा न दिसणारा चढच. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारकडे समुद्राकडून खारा वारा सुटतो. म्हणून शास्त्र असे की, सकाळी पश्चिमेला निघावे आणि खारा वारा धरल्यावर पूर्वेला परतावे. दोन्ही वेळा वारा पाठीशी. योजना निर्दोष आहे. अडचण एवढीच की पश्चिमेला थोडे गेले की समुद्र लागतो, आणि किनाऱ्याचे रस्ते दक्षिणोत्तर जातात. त्यामुळे वारा जाताना एका कानात शिरतो आणि येताना दुसऱ्या.

खालच्या सपाटीकडे उतरण्यापूर्वी एका अशा मार्गाची नोंद करणे भाग आहे, जो या जिल्ह्यातला आदर्श सपाट मार्ग आहे आणि आपल्या काहीच कामाचा नाही. तो म्हणजे कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग पूर्ण झाला तेव्हा त्याचा कमाल चढ होता दीडशे मीटरला एक मीटर. भोर घाटात हेच प्रमाण सदतीस मीटरला एक आहे. दीडशेला एक! एवढ्यासाठी करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणला, पानवलला ६४ मीटर उंच पूल उभारला, आणि पोमेंडीच्या कटिंगमध्ये घसरणाऱ्या मातीशी वर्षानुवर्षे झुंज घेतली. रत्नागिरीत सपाट रस्ता हवा असेल तर तो सापडत नाही, करावा लागतो, आणि करायला काय लागते याचा हा पुरावा. त्यावरून सायकल नेण्यास कायद्याने बंदी आहे. गाडीत बसून खिडकीतून पाहताना सायकलस्वाराच्या पिंडऱ्या मात्र अजूनही हळव्या होतात.

दुसरा तसाच आदर्श मार्ग फुकट मिळतो, पण दिवसाचा ठराविक वेळच. तो म्हणजे ओहोटीचा समुद्रकिनारा. भाट्याचा पूल ओलांडला की सुरूच्या बनापलीकडे भाट्याची पुळण लागते, सरळ आणि रुंद. ओली वाळू टणक असते आणि तिच्यावर चाक रुतत नाही. उत्तरेकडे काळबादेवीचा किनाराही लांबलचक आहे. इथे पंचांग लागते. भरतीची वेळ काढायची जुनी रीत म्हणजे तिथीला पाऊणकीने गुणणे. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास, आणि ओहोटी तिच्या आधी साधारण सहा तास, म्हणजे पहाटे पाचच्या पुढे. यावरून हे सिद्ध होते की सकाळच्या सायकलीला पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस उत्तम. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच मागे हटते आणि पुळण दुप्पट होते. अष्टमी ते दशमी वर्ज्य. त्या दिवसांत सकाळीच भरती असते. ज्या पिढीला पाऊणकी पाठ होती तिला सायकली परवडत नव्हत्या, आणि आता सायकली आहेत तर पाऊणकी गेली. पुळणीवर चालवलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, चेनला तेल द्यावे. आळस केला तर आठवड्याभरात चेनचा रंग जांभ्याशी जुळतो.

शांततेचा विचार अजून राहिलाच आहे. वाहने कमी ती शांतता, असे ढोबळ लक्षण धरू. या कसोटीला मुंबई-गोवा महामार्ग पहिल्याच फेरीत बाद होतो. निवळीहून जयगडला जाणारा रस्ता बंदराच्या अवजड वाहतुकीमुळे बाद. शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे असा गणपतीपुळ्याचा रस्ता अतिसुंदर, आणि म्हणूनच शनिवार-रविवारी बाद. आरे-वारेच्या माथ्यावर लोक गाडी रस्त्यात थांबवून समुद्राला पाठ करून स्वतःचे फोटो काढत असतात. पुळ्याहून मालगुंडपर्यंतचा तुकडा सपाट आहे, पण अंगारकीला तिकडे फिरकू नये. मधल्या वारी हाच रस्ता इतका निवांत असतो की एसटी मागून आली तरी बरे वाटते. एसटीविषयी मात्र एक व्यवहारज्ञान : अरुंद रस्त्यावर ती आली की साइडपट्टीवर उतरू नये, आधीच थांबावे; कारण डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात वीतभर पायरी असते आणि तिच्यावर पुष्कळ ग्रंथकार आडवे झाले आहेत.

वाहने नसलेल्या रस्त्यावर कुत्री असतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत बागांमध्ये राखण बसते, नेपाळी गुरखे आणि त्यांची कुत्री. त्यांच्या दृष्टीने पहाटे साडेपाचला पाठीवर पिशवी लावून बागेच्या कडेने हळूहळू जाणारा मनुष्य हा व्यायाम करणारा असण्याचा संभव कमी. अशा वेळी सायकलवरून उतरून ती कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरावी आणि मोठ्याने बोलत चालावे. आंबे चोरणारा बोलत नाही, हे कुत्र्यालाही ठाऊक असते.

या सगळ्यातून एक सिद्धान्त निघतो आणि या ग्रंथात नवे असे काही असेल तर ते एवढेच : रत्नागिरीत सपाटी, शांतता आणि सावली या तिन्ही गोष्टी एका रस्त्यावर नांदत नाहीत, कोणत्याही दोन घ्याव्यात. सड्यावर सपाटी-शांतता आहे, सावली नाही. घाटीत शांतता-सावली आहे, सपाटी नाही. बाजारपेठेच्या गल्ल्यांत सपाटी आणि सावली आहे, बाकी काय आहे ते सांगायला नको.

या सिद्धान्ताला अपवाद एकच आढळला, तो काजळी नदीच्या काठाचा. सह्याद्रीतून निघालेली ही नदी साखरप्याकडून चांदेराई, हरचेरी, सोमेश्वर करत भाट्याच्या खाडीत येते. तिच्या काठची गावे दरवर्षी पावसाळ्यात बातम्यांत असतात. चांदेराईच्या बाजारपेठेत पाणी शिरले की दुकानदार माल माळ्यावर चढवतात आणि सावकाश ओसरण्याची वाट पाहतात. मघाशी राखून ठेवलेले लिंग ते हेच. पाणी जिथे पसरते तिथे सपाटी असते. दुकानाच्या भिंतीवरची पुराची रेघ सर्वेक्षण विभागाच्या कोणत्याही रेषेहून भरवशाची, कारण ती पाण्याने स्वतः आखली आहे. इथे एका हाताला खाचरे, दुसऱ्या हाताला माड, मधून अरुंद रस्ता. गणपतीनंतर भात पिवळे पडू लागते तेव्हापासून पौषापर्यंत या काठासारखी जागा नाही. खंड्या तारेवर बसलेला असतो, मोरीखालून पाणी वाहते, आणि अधूनमधून कुणीतरी नेमाने विचारते, “कुठं चाललाव?” याला “असाच” हे उत्तर देऊ नये. त्याने समाधान होत नाही आणि पुढच्या वाडीपर्यंत आपल्याविषयी चौकशी पोचते. चांदेराईला चहा प्यायला, असे ठामपणे सांगावे, आणि चांदेराईला जाऊन खरोखर चहा प्यावा.

परतीचा प्रश्न तेवढा उरतो. नदीकाठ खाली आणि शहराचा मोठा भाग सड्यावर, तेव्हा कुवारबावकडे येताना पोमेंडीच्या अंगाने वर चढावे लागते. ही चढण टाळायची एक रीत आहे : माणसाने सोमेश्वरलाच जागा घेऊन घर बांधावे. पुराचा विचार केला तर त्याला वरचा मजला लागेल, आणि सायकल ठेवायची तर तीही वरच.